तावडे सिस्टरचे अडीच किलो

माझं वजन आमच्या वाडीतल्या झाडून सगळ्या बायकांना पाठ आहे. माझ्या वाढदिवसाची तारीख माझ्या सख्ख्या बहिणीला आठवत नाही, पण मी शिमग्याला सहाऐंशी होतो आणि गणपतीनंतर साडेसत्त्याऐंशी झालो, हे विहिरीवरची कोणतीही बाई झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेल. ही कीर्ती मला तावडे सिस्टरनी मिळवून दिली.

सिस्टर म्हणजे आमच्या भागातल्या आरोग्यसेविका. मूळच्या सावर्ड्याच्या. नाटे गावात एक खोली घेऊन एकट्या राहायच्या आणि आसपासच्या वाड्या पायी तुडवायच्या. उपकेंद्रापासून आमच्या वाडीपर्यंत सगळा चढ. पोटुशी बाई तेवढं अंतर चालून वजन करायला जायची, तर घाम गाळून तिथेच अर्धा किलो कमी व्हायची. म्हणून सिस्टरनी वाडीच्या मधोमध असलेलं एक घर हेरलं. ते नेमकं माझं. विचारणं वगैरे भानगड नाही. एका सकाळी पडवीत वजनकाटा आणून ठेवला आणि म्हणाल्या, "मालक, ही पडवी सरकारजमा झाली. महिन्यातला दुसरा मंगळवार. चहा तुमचा."

बाई अंगाने एवढीशी. उन्हाने रापलेली, पायात रबरी चपला, एका खांद्यावर लसींची पेटी, दुसऱ्या खांद्यावर छत्री आणि छत्रीच्या दांड्याला लटकवलेला जेवणाचा डबा. आवाज मात्र बंदरावर ऐकू जाईल असा. एवढ्याशा बाईत एवढा आवाज कुठे मावतो, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही.

पहिल्या मंगळवारी बायका आल्या खऱ्या, पण काट्यावर कोणी चढेना. पोटातल्या पोराचं वजन केलं की दृष्ट लागते, असं एकीचं म्हणणं. दुसरीला आकड्याची लाज. तिसरी म्हणाली, "मी मागून." मग सगळ्याच मागून. मी माझ्याच पडवीत पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसून आंबोळी खात होतो. सिस्टरनी चौफेर नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली.

"मालक आधी!"

"मी? मी कशाला?"

"काटा बरोबर हाय का बघायचा हाय. उठा."

मी आंबोळीचा तुकडा तोंडात टाकून चढलो. सिस्टरनी वाकून आकडा वाचला आणि खाडीपलीकडे कळवावा तसा जाहीर केला, "सहाऐंशी!"

पदर तोंडाला लावूनही बायकांचं हसू बाहेर आलं. आतून आमच्या सौभाग्यवतीचा, सुमनचा, आवाज आला, "मी सांगत होते तर म्हणे सदरे आटले!"

"बघितलंत गो?" सिस्टर म्हणाल्या. "मालक सहाऐंशीचे हायत नि पोटात कोण नाय. आता तुमाला कसली लाज? चला, या एकेक."

आणि खरोखर आल्या. तेव्हापासून दर महिन्याला तीच आरोळी. मी एकदा बाणेदारपणे म्हटलं, "सिस्टर, काटा तपासायला तुमच्याकडे पाच लिटरचा पाण्याचा कॅन आहे की. मोजून भरलेला. मग मी कशाला?"

त्या म्हणाल्या, "कॅनला बघून बायका हसत नाय ना."

 मी चढलो.

सिस्टरचं सगळं जग अडीच किलोच्या अलीकडे किंवा पलीकडे होतं. जन्मताना बाळ अडीच किलोच्या खाली नको, हा त्यांचा एकच हट्ट. त्यामुळे हाताला लागेल ती वस्तू त्या आधी तळहातावर तोलून बघत, डोळे मिटून, ओठ हलवत. अननस, देवळातली मोठी घंटा, शेजाऱ्याचं मांजर. एकदा मी बंदरावर मासे आणायला गेलो, तर त्या सुरमई दोन्ही हातांवर आडवी घेऊन उभ्या. डोक्याखाली हात, शेपटीखाली हात. नवजात बाळाला धरतात तशी.

"सव्वादोन," त्या म्हणाल्या. "कमी पडली."

मासेवाली म्हणाली, "शिस्टर, खायाची हाय ती, बारशाला नाय बसवायची."

"तू गप गो. बघून ठेवा सगळ्यांनी. एवढं बाळ झालं तर मला चालायचं नाय." त्यांनी टोपलीतला एक चांगला टपोरा बांगडा उचलून सुरमईच्या पोटावर ठेवला. "हां! आता झालं. एक बांगडा जास्त पायजे."

झालं. 'एक बांगडा जास्त' हे आमच्याकडचं माप होऊन बसलं. दिवस गेलेल्या बाईला कोणी 'तब्येत कशी' विचारीना; 'बांगडा चढला काय गो?' विचारायची.

मला हा सगळा नाटकीपणा वाटायचा. म्हणून एका मंगळवारी मी एका पिशवीत तांदूळ भरले, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून बरोबर सतराशे ग्रॅम केले आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. डोळे मिटले. ओठ हलले.

"एक सातशे," म्हणाल्या. "आणि मालक, तांदळाला सोनकिडे लागलेत. वाळवा."

दोन्ही खरं निघालं. तांदूळ वाळवायचं काम मलाच लागलं.

त्यांच्या डब्याचंही एक होतं. डबा रोज यायचा, रोज उघडायचा, पण त्यांना त्यातलं खाताना मी पाहिलं नाही. कुणीतरी उपाशी आलेली सापडायचीच. "घे गो, मला आज भूक नाय," म्हणून डबा तिच्यापुढे. स्वतः चहात बिस्कीट बुडवून उभ्या उभ्या मोकळ्या. दुसऱ्याला मात्र उभ्याने खाऊ द्यायच्या नाहीत. "बस. जेवणाला बसायचं. एसटी नाय चुकत."

त्या वर्षी त्यांच्या वहीत दोन नावं लागोपाठ होती आणि दोघींनी मिळून सिस्टरना वेड लावायचं बाकी ठेवलं.

एक शबाना. खाडीकडच्या मोहल्ल्यातली. सासऱ्यांची होडी, नवरा कुवेतला. तो तिथून खजूर आणि चॉकलेटं पाठवायचा आणि इथे सासू, फातिमाखाला, ती तिला खायला घालायची. वरून तांदळाची भाकरी, मटण, वडे, खापरोळ्या. पहिलंच नातवंड येणार म्हटल्यावर खालाने जणू लढाईची रसद भरायला घेतली होती. शबाना महिन्याला तीन-तीन किलोंनी वाढत होती आणि रक्तातली साखरही तिच्याबरोबर चढायला लागली होती. काट्यावर चढली की ती हळूच माझ्या पडवीच्या खांबाला धरायची. सिस्टर पट्टीने तिच्या बोटांवर टिचकी मारायच्या.

"खांब सोड गो. तो मालकांच्या वजनाने आधीच वाकलाय."

मग खालाशी जुंपायची. "खाला, पोटात एक बाळ हाय, लग्नाची वरात नाय!"

"दोन जिवांचं खायाला नको?" खाला म्हणायच्या.

"दुसरा जीव नारळाएवढा हाय. त्याला खापरोळ्या पोचत नाय. त्या हिच्याच कमरेला बसतात."

दुसरी मनमाया. माझ्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी जोडप्यातली. आमच्याकडे हापूसच्या बागा राखायला दिवाळीच्या सुमाराला नेपाळी कुटुंबं येतात आणि बागेतल्या खोपीत राहतात. माझी कलमं सत्तर, पण ऐट सातशेंची. तिचा नवरा दुसऱ्या वर्षी माझ्याकडे होता आणि दोन्ही वर्षं मी त्याला 'बहादूर' म्हणून हाक मारत होतो. सिस्टरनी वहीत लिहायला नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा मीच रुबाबात म्हणालो, "बहादूर."

मनमाया खाली बघून म्हणाली, "टेकराज."

"टेकराज बहादूर?" मी विचारलं.

"नाय. टेकराज."

सिस्टरनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. "मालक, दोन वर्षं तुमी कुणाला हाक मारत होतात?"

मनमाया एकवीस-बावीसची. काटक, अबोल, कमरेभोवती त्यांच्याकडे गुंडाळतात तो लांबलचक पटका. शबाना दर महिन्याला वाढत होती आणि ही जागची हलत नव्हती. डिसेंबरात एक्केचाळीस. जानेवारीत एक्केचाळीस. सिस्टर वही आपटून म्हणाल्या, "ह्या दोघींना एका टोपात घालून ढवळलं असतं ना, तर दोन बरोबर बायका निघाल्या असत्या!"

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. भाषा धड जुळत नव्हती, पण एकाच काट्यावर एकामागून एक ओरडा खाणाऱ्यांची मैत्री व्हायला भाषा लागत नाही.

जानेवारीत सिस्टरनी मनमायाला सांगितलं, "पुढल्या महिन्यात आकडा वर गेला नाय, तर मी तुला राजापूरला दाखल करणार. बाळ सुकतंय आतमधी. समजलं?"

तिने मान हलवली. आता इथे माझा प्रवेश आहे आणि तो मला गाळता आला असता तर मी गाळला असता. त्याच संध्याकाळी मी बागेच्या दगडी गडग्यापाशी उभा राहून शेजाऱ्याशी गप्पा मारत होतो. मोहोर यंदा बरा होता, मी खुशीत होतो आणि खुशीत असलो की मला विनोद सुचतात. मी म्हणालो, "सिस्टर हिला दवाखान्यात टाकतायत म्हणे. ऐन हंगामात ही तिकडे, हिच्या उशाशी बहादूर, आणि माझा आंबा माकडं खाणार. दुसरा बहादूरच बघावा लागेल!" शेजारी हसला. मीही हसलो. गडग्याच्या खाली मनमाया पाणी भरत होती, हे मला दिसलं होतं की नाही, याचं उत्तर मी स्वतःला अजून नीट दिलेलं नाही.

फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार. मी चढलो, सहाऐंशी झालो, उतरलो. शबानाने खांब धरला, टिचकी खाल्ली. मग मनमाया आली. जरा सावकाश चालत होती. सहावा महिना, म्हटलं असेल. काट्यावर उभी राहिली. सिस्टर वाकल्या. परत वाकल्या. चष्मा पुसला.

"चव्वेचाळीस?"



"मालक, या बघू परत."

मी परत चढलो. सहाऐंशी. काटा बरोबर होता. मनमाया परत चढली. चव्वेचाळीस. सिस्टरनी वही हवेत फेकली. खरंच फेकली, ती सुमनच्या तुळशीत जाऊन पडली. "तीन किलो! अगो माझ्या बायो!" असं ओरडत त्यांनी मनमायाला कमरेत मिठी मारली आणि जागच्या जागी डोलायला लागल्या. बायका टाळ्या पिटायला लागल्या. खालांनी बोटं मोडून तिची दृष्ट काढली. मीही काही कारण नसताना टाळ्या वाजवत होतो.

आणि एकदम टप्प. मग टप्प टप्प. मग गारांचा पाऊस पडावा तशी माझ्या पडवीच्या लाद्यांवर करड्या रंगाची बोटभर नळकांडी बरसायला लागली. मिठीत मनमायाचा पटका सुटला होता आणि प्रत्येक वेढ्यातून शिशाचे तुकडे बाहेर पडत होते. जाळं बुडावं म्हणून त्याच्या खालच्या दोरीला ओवतात ती शिसं. एक घरंगळत माझ्या पायाशी आलं.

 खाला शिशांकडे निरखून बघत पुटपुटल्या, "ही तर आमच्या जाळ्याची. म्हातारा चार दिवस हुडकतोय. मला म्हणाला, उंदरांनी नेली."

सगळ्यांच्या नजरा शबानाकडे वळल्या. ती रडायलाच लागली. "मीच दिली. ती बोलली, वजन नाय भरलं तर नोकरी जायेल. म्हटलं माझं जास्त होतंय ते तर देता येत नाय. मग निदान हे."

सिस्टर रागावतील, अशा तयारीने सगळे उभे होते. त्यांनी आधी मनमायाला हात धरून पाण्याच्या कॅनपाशी नेलं आणि तिचे हात साबणाने दोनदा धुतले. "शिसं हाय ते, विषारी. परत पोटाशी नाय लावायचं." मग जमिनीवरची शिसं एका फडक्यात गोळा केली, गाठोडं तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. ओठ हलले. "अडीच," त्या म्हणाल्या. या वेळी आवाज बंदरापर्यंत गेला नाही. "बाळाएवढं शिसं कमरेला बांधून बागेतून चालत आलीस?"

मनमाया म्हणाली, "दिदी, हॉस्पिटल नको. मालिक दुसरा माणूस बघणार."

"कोण बोललं तुला?"

 तिने नुसतं माझ्याकडे बघून खाली बघितलं. तेवढं पुरलं.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता माझी सालं निघणार. सुमनही दारात येऊन उभी राहिली होती. ती तर सोलायला मदतच करणार होती. पण सिस्टर एवढंच म्हणाल्या, "मालक, कलमाला शेणखत किती घालता?"

"झाडाला दोन-तीन घमेली."

"पाणी?"

"लागेल तसं."

"आणि राखणाऱ्याच्या बायकोला काय खायाला मिळतं, ते बघितलंत कधी?"

मी सहाऐंशी किलो होतो आणि मला लपायला शेंगदाण्याएवढी जागा हवी होती. मी मनमायासमोर जाऊन म्हणालो, "टेकराजला सांग, दुसरा कोणी येणार नाही. हंगाम असो, माकडं असोत, मी स्वतः राखण करीन." यावर पडवीत पहिल्यांदा कोणीतरी फिसकन हसलं. बहुधा मला झाडावर कल्पून.

मग सिस्टरनी खाली बसकण मारली आणि तिला नुसतं विचारलं की, तू खात का नाहीस? महिनोन् महिने सगळे 'खा' सांगत होते. 'का नाही' हे कोणी विचारलं नव्हतं. मी तर दोन्ही नव्हतं केलं. तेव्हा कळलं, की तिला खोबऱ्याचा वास सहन होत नाही. आमच्याकडे खोबऱ्याशिवाय आमटी नाही, भाजी नाही, गोड नाही. पोरगी तीन महिने भात, मीठ आणि मिरची यांवर होती. डोहाळे कसले, विचारलं तर म्हणाली, "गुंद्रुक."

"तो कोण?" खालांनी विचारलं.

गुंद्रुक म्हणजे त्यांच्याकडचा आंबवून वाळवलेला पाला. दुसऱ्या दिवशी सिस्टर मुळ्याच्या पाल्याच्या सहा जुड्या घेऊन हजर. मनमायाच्या देखरेखीखाली पाला सुकवून, कुटून, बरणीत कोंबून माझ्या पडवीत उन्हाला ठेवला. चौथ्या दिवशी पोस्टमनने पत्रं फाटकावरच ठेवून पळ काढला. सातव्या दिवशी आमच्याकडे येणारा पाहुणा नाट्याहूनच परतला. पण त्या पाल्याची आंबट कढी तिने भाताबरोबर भुरकली, आणि मग आणखी भात घेतला, आणि मग आणखी. सुमनने नंतर मलाही वाढली. मी दोन वाट्या प्यालो. वासाची सवय होते, माझ्यावरून सांगतो.

बाकीचा डाव सिस्टरनी असा रचला. शबानाने रोज दुपारी आपला डबा घेऊन खाडीपासून माझ्या बागेपर्यंत चालत यायचं. तिथे दोघींनी एकत्र जेवायचं. डबा खाला भरणार, म्हणजे तो तिघांना पुरणारा असणार. त्यातली भाकरी, अंडी, मासे मनमायाच्या ताटात, शबानाला मोजकं. जाऊन येऊन चालणं होईल ते शबानाचं. एकीचं जास्त दुसरीकडे. खालाला मात्र सांगायचं नाही, नाहीतर सुनेला कमी पडतं म्हणून गोंधळ घालतील.

महिनाभर हे गुपित टिकलं. एक दिवस शबाना चमचा विसरली म्हणून खाला मागोमाग बागेत आल्या आणि बघतात तर त्यांचं तळलेलं पापलेट मनमायाच्या ताटात. मी काजूच्या आडून सगळं बघत होतो. मधे पडायचं धैर्य नव्हतं.

"हे काय?" खाला गरजल्या. शबानाने सगळं सांगितलं. खाला कंबरेवर हात ठेवून उभ्या. "म्हंजे महिनाभर माज्या डब्यात दोघी जेवतायत? आणि मला कोण सांगत नाय?" त्यांचा आवाज फुटला. "मेल्यांनो, मी एकीच्या हिशेबाने भरत होते! तिच्या वाटचं बिनखोबऱ्याचं नसतं का केलं?"

दुसऱ्या दिवसापासून दोन डबे यायला लागले. सिस्टरनी डोक्याला हात लावला, पण हसत.

मार्चात मनमाया त्रेचाळीस झाली. पटका सोडून, झटकून, सर्वांसमक्ष. एप्रिलात साडेपंचेचाळीस. शबानाची चढण थांबली, साखर ताब्यात आली. फक्त मी होतो तिथेच होतो.

मे महिन्यात, ऐन तोडणीत, सकाळी दहाला टेकराज धावत आला. सिस्टर नशिबाने वाडीतच होत्या. गाडी बोलावून ती यायला वेळ जाणार आणि दारात माझा टेम्पो उभा, पाठीत हापूसच्या पेट्या भरलेल्या. सिस्टर म्हणाल्या, "काढा टेम्पो!"

"पेट्या उतरवू?"

"मालक!"

मी स्टार्टर मारला. पुढे मी, सिस्टर, मधे मनमाया. मागे पेट्यांवर टेकराज. राजापूरपर्यंतचा तो रस्ता मी आयुष्यभर चालवलाय, पण त्या दिवशी त्यातलं प्रत्येक वळण नवीन होतं. "हळू! आंबा नाय, माणूस हाय!" आणि लगेच, "जरा जोरात! बैलगाडी काय ही?" दोन्ही हुकूम एकाच वळणावर. मनमाया कळा देत होती आणि सिस्टर तिला सांगत होत्या, "ओरड गो, ओरड. मालकांना सवय हाय, माझा आवाज ऐकून ऐकून." ती ओरडली. त्याआधी तिचा आवाज मी कुजबुजीच्या वर ऐकला नव्हता.

वेळेत पोचलो. मी आणि टेकराज बाहेर बाकड्यावर. तो माझा हात धरून बसला होता. खरं म्हणजे मी त्याचा. तासाभराने दार उघडलं आणि सिस्टर बाहेर आल्या. हातावर फडक्यात गुंडाळलेलं गुलाबी काहीतरी. एक हात डोक्याखाली, एक पायाखाली. डोळे मिटलेले. ओठ हलत होते.  त्या तळहातावर पाच महिने तोलले जात होते.

"दोन सातशे," त्या म्हणाल्या.

आत काट्यावर घातलं. दोन किलो सहाशे पन्नास. सिस्टरनी कमरेवर हात ठेवून खाटेकडे बघितलं. "मनमाया! पन्नास ग्रॅम परत कुठं लपवलेस गो?"

मनमाया थकून पडली होती, तरी हसली. खाटेला धरून हसत राहिली. मी शबानाला फोन लावला. तिकडून पहिला प्रश्न, "एक बांगडा जास्त काय?"

"जवळजवळ दोन!" मी ओरडलो. व्हरांड्यातल्या लोकांना वाटलं, मी मासळीचा व्यापारी आहे.

टेम्पोतल्या पेट्या उन्हात तापत होत्या. त्या बाजारात पोचायची वेळ टळून गेली होती. मी आणि टेकराजने त्या उतरवल्या आणि वॉर्डात वाटत सुटलो. त्या दिवशी माझा आंबा माकडांनी नाही, राजापूरच्या बाळंतिणींच्या नातेवाइकांनी खाल्ला. एवढा चांगला दर मला कधी मिळाला नव्हता.

पंधरा दिवसांनी शबानाला मुलगा झाला, तीन किलोंचा, आई आणि लेक दोघेही ठणठणीत. मनमायाच्या मुलीचं नेपाळी नाव छान आहे, पण वाडीत ती सुरमई.

त्याच साली नोव्हेंबरात सिस्टर निवृत्त झाल्या. शेवटच्या मंगळवारी पडवी माणसांनी भरली. वजनं झाली आणि सिस्टर काटा पुसायला लागल्या, तेव्हा खाला आडव्या आल्या. "आता तू चढ."

"मी कशाला?"

"काटा बरोबर हाय का बघायचा हाय. चढ!"

इतक्या वर्षांत सिस्टर त्या काट्यावर कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. आढेवेढे घेऊन चढल्या. शबानाने आकडा वाचला. एक्केचाळीस. मनमाया पहिल्यांदा काट्यावर चढली होती, तेव्हाचा आकडा.  सिस्टरच्या डब्यातलं कोणी कोणी खाल्लं होतं, ते सगळे तिथेच बसलेले होते.

मग खाला म्हणाल्या, "हिला आधी दाखल करा!" आणि पडवी फुटली. सिस्टरना धरून पाटावर बसवलं. खापरोळ्या, वडे, आंबोळ्या, गुंद्रुकची कढी. "बस. एसटी नाय चुकत," मनमाया म्हणाली. आणि त्या बसून जेवल्या. मी पाहिलं.

एसटीला निरोप द्यायला आम्ही सगळे वर रस्त्यावर गेलो. मांडीवर पाच डबे घेऊन सिस्टर खिडकीत बसल्या. मनमायाने सुरमईला उचलून खिडकीतून आत दिलं. कंडक्टरने घंटी मारायला वर केलेला हात तसाच धरला. सिस्टरनी डोळे मिटले, पोरीला दोन्ही तळहातांवर घेतलं, ओठ हलवले, बाहेर परत दिलं. गाडी हलली. त्यांनी खिडकीतून आकडा ओरडून सांगितला, पण आयुष्यात पहिल्यांदाच एसटीचा आवाज त्यांच्या आवाजापेक्षा मोठा ठरला. वळणावर दिसेनाशा होईपर्यंत त्या बोटांनी काहीतरी आकडे दाखवत होत्या.

परतताना भांडण जुंपलं. खाला म्हणाल्या, "सहा दोनशे." शबाना म्हणाली, "सात दोनशे." सुमनने तर सव्वाआठ ऐकलं होतं. पडवीत येईपर्यंत निकाल लागला नाही.  मनमायाने लेकीला दोन हातांवर आडवी घेतली, डोळे मिटले, ओठ हलवले.

"सात दोनशे," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय?" खाला म्हणाल्या. "काट्यावर घाला."

पण सुरमई अजून उभी राहत नव्हती. म्हणजे कोणीतरी आधी एकट्याने चढायचं, मग तिला घेऊन चढायचं आणि वजाबाकी करायची. मी हळूच मागच्या दाराकडे सरकत होतो. तेवढ्यात आवाज आला. मी दचकून फाटकाकडे बघितलं. वाटलं, एसटी परत आली. पण सिस्टर नव्हत्या. कमरेवर लेक घेऊन मनमाया काट्यापाशी उभी होती आणि तो आवाज नक्की बंदरापर्यंत गेला असणार.

"मालिक आधी!"

मी चपला काढल्या.